उत्तर: फोनच नाही, तर नकाशा कशाला?

गोव्यात रस्त्यावर राहणाऱ्या पोरांना पाणी, शौचालय, निवारा कुठे मिळेल ते दाखवणारा नकाशा करायचा, अशी इथे चर्चा चाललीय. त्यावर वर कुणी म्हटलंय की या पोरांकडे फोनच नसतो, मग नकाशा कुणासाठी? मडगाव स्टेशनबाहेर एक सतरा-अठराचा मुलगा भेटला होता. काच तडकलेला फोन, नेट संपलेलं, आणि पहिला प्रश्न: "चार्जिंग कुठे मिळेल?" जेवण नंतर!

म्हणून माझं मत ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाला. तो कुणालाही सुधारता येतो आणि ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये गोव्याचा नकाशा एकदा उतरवला की नेटशिवाय चालतो. पिण्याचं पाणी, शौचालय, निवारा यांच्यासाठी खुणा त्यात ठरलेल्याच आहेत, फक्त जागा भरायच्या. उघडं कधी असतं आणि पैसे लागतात का, तेही भरता येतं. नुसती टाचणी टोचून उपयोग नाही. रात्री दहाला कुलूप दिसलं, तर ते पोर पुन्हा नकाशा उघडणार नाही.

एक मात्र सांभाळा: घरच्या मारहाणीतून पळालेल्या मुलींच्या आसऱ्याचा पत्ता जाहीर नकाशावर नको, फक्त हेल्पलाइन. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे. अठरावरच्यांचीच जास्त पंचाईत.

पणजी कदंब बसस्टँड आणि म्हापसा बाजाराभोवतीचं पाणी-शौचालय मी या रविवारी नकाशात भरतो. वास्कोकडचं कुणी आहे का?