परदेशी शिक्षण: कॉम्प्युटरच कशाला?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पुतण्या कॉम्प्युटरवाला नाही, बीएस्सी ॲग्री आहे, म्हणून परदेशी जायचा विचार सोडा. पटलं नाही. घरी रावेरला केळी आहे ना? मग नेदरलँड्सचं वागेनिंगेन विद्यापीठ बघाच. तिथला प्लांट सायन्सेसचा मास्टर्स 2 वर्षांचा, इंग्रजीतून. केळीला मर आणणाऱ्या पनामा रोगावर, खासकर तो पसरवणाऱ्या टीआर४ या बुरशीच्या प्रकारावर, तिथे मोठं काम चालतं. आपल्या पट्ट्याला याहून जवळचा विषय कोणता? फी मात्र युरोपबाहेरच्यांना सणसणीत.

फी जड वाटली तर जर्मनी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यात मात्र 2017 पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1500 युरो. पण 'फुकट' ऐकून घरच्यांनी हुरळून जाऊ नये, व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, आणि एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, काढावं लागतं. ते आधी करा, कागद फिरायला वेळ लागतो.

धुळ्याच्या ताईंनी टेक्स्टाइलचं विचारलंय: जर्मनीतच आखेन शहरात त्याचा मास्टर्स आहे. जळगावच्या एजंटांकडे या शाखांची नावंही निघत नाहीत. कोर्सचं पान स्वतः उघडून विषयांची यादी वाचा.