साठीनंतर आरसी विमान जमेल का
वर विचारलंय की साठीनंतर रिफ्लेक्स मंदावतात, मग आरसी (रेडिओ रिमोटने उडवायचं छोटं) विमान शिकायला घ्यावं का. अहो घ्या की बिनधास्त! रिफ्लेक्सपेक्षा इथे घाई न करणं जास्त कामाचं, आणि ते या वयात आपसूक जमतं (बहुतेकांना). फक्त पहिलंच मॉडेल म्हणून ते देखणं फायटर नको. पंख वर बसवलेला, टोकांकडे थोडा उचललेला हाय विंग ट्रेनर घ्या, रिमोटची स्टिक सोडली की बऱ्यापैकी स्वतःच सरळ होतो.

खरी गोची होते विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की, डावं-उजवं उलटं होतं आणि भलेभले गडबडतात. त्यावर जुनी युक्ती म्हणजे जो पंख खाली झुकलेला दिसतोय त्याच बाजूला एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्यांची) स्टिक ढकलायची, जणू खालून टेकू देतोय. सिम्युलेटरवर हे एवढं घोटा की विचार करावा लागू नये. नजर कमी असेल तर पंखाच्या खालच्या बाजूला गडद जाड पट्टे मारा.

मला विचाराल तर उडवण्याहून बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) कापत, चिकटवत बसण्यातच खरी मजा. पण सीजीत (म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्यात) तडजोड नाही, ट्रेनरला साधारण पंखाच्या पुढून-मागे रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर, पुढच्या कडेपासून मोजून. दोन बोटांवर तोलून बघा, नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपूट जड नको.

आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुल चार्ज करून आठवडेच्या आठवडे ठेवू नका, दर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा. टेबलावर मोटर तपासताना प्रॉप (मोटरवरचा फिरणारा पंखा) काढून ठेवा, बोटं जातात.