पोरांच्या वजनावर घरात बोलणं बंद करायला पाहिजे का? सांगली-मिरजकरांनी मत द्या

विश्रामबागकर
माझं मत आधीच सांगतो, बंद करायला पाहिजे. वडापाव, मंचुरियन, कोल्ड्रिंक वाईटच आहे, त्यावर वाद नाही. पण आपल्याकडं पोरगी हळदीकुंकवाला गेली तरी पहिलं वाक्य काय, "अगं किती सुटलीस गं", आणि पोरगा असला तर "काय रे, घरात खायला घालत नाहीत काय". बोलणाऱ्याला वाटतं माया केली, आणि ते पोरगं दोन-दोन वर्षं तेच वाक्य डोक्यात घेऊन जेवतंय.

माझी भाची अकरावी सायन्सला आहे. सकाळी सहाला क्लास, तिथनं कॉलेज, परत क्लास. दिवाळीनंतर तिनं भाकरी-चपाती सोडली, कुठल्यातरी रीलमध्ये बघून, "मामा त्यात कार्ब्स असतात". डबा मैत्रिणी खायच्या. आणि ह्या काळात आख्खं घर, पै-पाहुणे सगळे तिला म्हणत होते छान बारीक झालीस, आता कसं ड्रेस बसतोय अंगाला! मग एक दिवस क्लासमध्ये चक्कर आली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. तिच्या वयाला बाराच्या खाली असलं की कमीच धरतात. पाळी तीन महिने आली नव्हती आणि ते पण डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं. अन्न कमी पडलं की शरीर असल्या गोष्टी आधी बंद करतं असं त्यांनी समजावून सांगितलं. घरातल्या कुणाला संशय आला नाही कारण सगळे कौतुकातच होते. म्हणून मी म्हणतोय की जाड झालीस हे जेवढं वाईट तेवढंच बारीक झालीस हे कौतुक पण वाईट, दोन्ही बंद करा.

आणि हा एका घरातला विषय नाही ओ, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्त कमी निघालंय. आधीच पोटात लोह नाही त्यात आपण त्यांना बारीक व्हा म्हणून सांगतोय.

कुपवाड_एमआयडीसी
भाचीचं ऐकून वाईट वाटलं पण तुमचं मत अजिबात पटलं नाही. माझा मुलगा नववीत आहे, वजन ८४. त्याच्या मानेवर मागं काळा पट्टा आलाय, त्याची आई दोन महिने घासून घासून धूत होती मळ आहे म्हणून. डॉक्टर म्हणाले हा मळ नाही, शरीरात इन्सुलिन नीट लागू होत नाही त्याची खूण आहे. माझ्या वडिलांना शुगर, मला शुगर, आता ह्याला पंचविशीत लागली तर? मी बाप आहे, मी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

अडीचशे मिलीच्या एका कोल्ड्रिंकच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास साखर असते, सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला, चहा-बिस्कीट-क्रीमरोल अजून बाकीच. आजी म्हणते वाढतं वय आहे खाऊ दे. त्यात आता तुम्ही म्हणताय वजनाचं नावच काढू नका. त्यानं लाड तेवढे वाढतील, दुसरं काही होणार नाही.

विश्रामबागकर
साहेब, नाव काढू नका म्हणजे कोल्ड्रिंक आणून द्या असं मी कुठं म्हटलंय? तुम्ही बाटलीवर बोला की, आजीशी बोला, रात्री साडेदहाला जेवण होतंय त्यावर बोला. पोराच्या अंगावर बोलू नका एवढंच. "जाड्या" म्हटल्यानं कुणाचा मुलगा आजवर पळायला लागलाय ते सांगा.

तालीमवाला_कवठेपिरान
आमच्या गावात हिंदकेसरी मारुती माने होऊन गेले, इथं वजन हा रोजचा विषय आहे. कुस्तीत वजनगट असतोय, काटा बघितल्याशिवाय मॅटवर पाय ठेवता येत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटचं १०० ग्रॅम वजन जास्त भरलं तर फायनल गेली हातातनं, सगळ्या देशानं बघितलंय. तेव्हा वजनाचं बोलायचंच नाही हे मला पटत नाही, बोलण्यात लाज कसली.

पण दुसरी बाजू पण सांगतो. वस्ताद वजन बोलतोय ते लढतीपुरतं बोलतोय, पोरगं देखणं दिसतंय का नाही ह्याच्याशी त्याला घेणं नाही. आणि खुराक मेहनतीवर मिळतोय. थंडाई, बदाम, तूप, दूध हे सगळं पहाटे हजार बैठका मारणाऱ्यासाठी होतं. आता पोरं बैठका मारत नाहीत आणि खुराक मात्र तालमीतला पाहिजे, नाहीतर उलटं, सहा महिन्यात सिक्स पॅक पाहिजेत म्हणून इंजेक्शनपर्यंत जातात. अशी पोरं बघितलीत मी, तोंडावर पुटकुळ्या, चिडचिड, आणि आईबापाला पत्ता नाही. डॉक्टरला न विचारता सुई घेणाऱ्याला आमच्या तालमीत जागा नाही.

खणभाग_मेसवाल्या_काकू
मी बावीस-पंचवीस पोरापोरींचे डबे करते म्हणून बोलते. पोरींचे डबे उघडले की चपात्या तशाच, भाजी तेवढी खाल्लेली. पोरं म्हणतात काकू भात नको, अंडी वाढवा, पिवळं काढून. अरे बाबा पिवळ्यातच निम्मं बळ आहे, टाकायचं कशाला?

मला दोन्ही बाजूंचं एक कळत नाही, बोलायचं का नाही ह्यावर एवढं भांडताय, ताटात काय वाढायचं ह्यावर कोण बोलणार? मटकीची उसळ करते त्यावर लिंबू पिळून खा म्हणते, लिंबानं लोह अंगाला लागतं. जेवल्याबरोबर चहा पिऊ नका म्हणते, त्यानं ते लागत नाही, आणि आपल्याकडं तर ताटावरनं उठलं की चहा! शाळेतनं आठवड्याला निळी गोळी देतात ती लोहाचीच आहे, निम्म्या पोरी ती दप्तरात ठेवतात मळमळतं म्हणून. उपाशी पोटी घेतल्यावर मळमळणारच की. तासगावचे बेदाणे परदेशात जातात आणि आपली पोरं बार खातात चॉकलेट लावलेला, हेल्दी लिहिलंय म्हणून. शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताक, एक पालेभाजी. हे खाऊन कुणी सुटत नाही ओ.

भरतीचा_पोरगा
काकू मस्त बोललात. मी १९ वर्षांचा, कवठेमहांकाळ तालुक्यातला, सांगलीत रूमवर राहून पोलीस भरतीची तयारी करतोय. इथं सगळे मोठे लोक बोलताय, आमचं पण ऐका. मला लहानपणापासून काडी म्हणतात, लग्नात, जत्रेत, सगळीकडं, आणि हसण्यावारी न्यावं लागतं. भरतीला १६५ सेंमी उंची लागते ती आहे माझी, पण छाती न फुगवता ७९ पाहिजे आणि फुगवून ५ सेंमी जास्त, तिथं मी ७७ वर अडकलोय. जिममधल्या एकानं मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा डबा घ्यायला लावला, घरनं आलेले महिन्याचे पैसे गेले त्यात. पोट बिघडलं, १६०० मीटर पळताना उलटी झाली. घरी सांगितलं नाही, सांगणार तरी कसं? कुपवाडचे काका, तुमच्या मुलाला रोज जाड म्हटल्यावर तो तुम्हाला काही सांगायला येतो का? खरंच विचारतोय, राग मानू नका.

मिरज_ओपीडी
दवाखान्यात काम करते, रोज दोन्ही टोकं बघते. दोन गोष्टी सांगते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिनांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. आपल्याकडं बारीक दिसणाऱ्याच्या पण पोटात चरबी असते आणि त्याला पण शुगर होते. म्हणून "बारीक आहे म्हणजे तब्येत चांगली" हे साफ चूक आहे, आणि नुसतं वजन धरून पोराला झोडणं पण चूक. वाढत्या पोरांचं वजन वय आणि उंचीच्या तक्त्यात बघायचं असतं, शेजारच्या पोराशी तुलना करून नाही. कंबर बघा, शुगर तपासा, पाळी, झोप विचारा. कुपवाडच्या दादांनी मानेचा पट्टा बघून मुलाला डॉक्टरकडं नेलं हे अगदी बरोबर केलं, तिथं गप्प बसून चाललं नसतं.

आणि भरतीच्या दादा, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार सूचनांमध्ये अंग कमवायला प्रोटीन पावडर टाळा असंच लिहिलंय. साध्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, तू पळतोस म्हणून थोडं जास्त धर. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २४-२५. दूध, डाळ, उसळ आहेच. त्या डब्याच्या पैशात किती दिवसांची अंडी आली असती बघ.

कुपवाड_एमआयडीसी
भरतीच्या पोरा, राग नाही आला. माझा मुलगा मला शाळेतलं फारसं सांगत नाही हे खरंय, पण ते वजनामुळं का वयामुळं ते मला सांगता येणार नाही. आणि घरातनं बाटली हद्दपार केली तरी शाळेच्या गेटसमोर गाडा उभाच आहे, पाच-दहा रुपयात पुडी, वीस रुपयात बाटली. तिथं मी नसतोय. तिथं त्याचं त्यालाच कळायला पाहिजे की आपलं वजन जास्त आहे आणि आपल्याला हे चालत नाही. म्हणून मी बोलणार. प्रेमानं बोलेन पण बोलणार.

विश्रामबागकर
गेटसमोरच्या गाड्याचं बरं झालं काढलं. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे, एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे तसा. किती पालकांनी पालकसभेत हा विषय काढला? मार्क, फी, गॅदरिंग सगळं निघतं, हा विषय निघत नाही. चौदा वर्षाच्या पोरानं स्वतःच्या वजनाची लाज बाळगून गाड्यासमोरनं उपाशी जायचं आणि आपण मोठ्यांनी तो गाडा हलवायचा नाही, हे मला मान्य नाही. तुम्ही बाप म्हणून त्याच्या तब्येतीचं त्याच्याशी एकट्यात बोला, डॉक्टरसमोर बोला, त्याला मी कधीच नाही म्हणणार नाही. माझा आक्षेप चार पाहुण्यांत बसून पोराच्या पोटाला हात लावून हसणाऱ्यांना आहे, आणि त्या वेळी गप्प बसणाऱ्या आईबापांना.

तालीमवाला_कवठेपिरान
पाहुण्यांना बोलायला मी तयार आहे, त्यात काय. भरतीच्या पोरा, छाती पावडरनं फुगत नाही, रोज जोर मार आणि वर दूध पी, दोन सेंमीच राहिलंय. पहाटे तालमीत आलास तरी चालेल, फी नाही.

भरतीचा_पोरगा
येतो आण्णा. काकू, डब्याला अजून एक जागा आहे का? दोन अंडी, पिवळ्यासकट.