आईची ऐंशी पूर्ण, आणि कोझुमेल बंदरात एकच दिवस: सल्ला हवाय

कैरीपन्हं
नमस्कार मंडळी. डिसेंबरात टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून पाच रात्रींची क्रूझ घेतली आहे, एक दिवस प्रोग्रेसो आणि एक दिवस कोझुमेल बेट, दोन्ही मेक्सिकोत. आईला 80 पूर्ण होतात तो दिवस, 11 डिसेंबर, नेमका कोझुमेलला पडतोय. बोट सकाळी 9 ला लागते, संध्याकाळी 5 पर्यंत सगळे परत आत हवेत. सहस्रचंद्रदर्शनाची शांत पुढच्या ऑगस्टमध्ये भाऊ पुण्यात करणार आहे, म्हणून हा वाढदिवस मी मागून घेतलाय.

आम्ही नऊ जण. आई, आम्ही चौघं, नणंदेचे चौघं. सर्वांत लहान भाची 4 वर्षांची. आईला सपाटीवर अर्धा किलोमीटर जमतं, पायऱ्या नकोत. ती आणि मी शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही. मेक्सिकोत पूर्वी कधी गेलेलो नाही.

खरा प्रश्न औक्षणाचा आहे. बोटीवर मेणबत्ती, उदबत्ती, कसलीही ज्योत चालत नाही, सामान तपासताना काढून घेतात. लेक म्हणाला बॅटरीचा दिवा नेऊ. आई म्हणाली, त्यापेक्षा सरळ टॉर्चने ओवाळ. तर बंदरात उतरल्यावर कुठे निवांत बसून, जेवून, ओवाळता येईल?

टेक्सासकर
आधी कागदपत्रं. आई भारतीय पासपोर्टवर असतील तर अमेरिकेचा व्हिसा चालू आणि मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघा. चालू अमेरिकी व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. सासूबाईंना असंच नेलं होतं. तरी क्रूझवाल्यांकडून ईमेलवर लेखी घ्या, कारण चेक-इनच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला हा नियम माहीत असेलच असं नाही. आमचा तिथे पाऊण तास गेला आणि सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता.

दुसरं, घड्याळ. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रो राज्यात 2015 पासून वर्षभर एकच वेळ असते, ती हिवाळ्यात टेक्सासच्या एक तास पुढे. फोन आपोआप पुढे उडी मारेल, बोटीचं घड्याळ बहुतेक टेक्सासचंच राहील. म्हणजे तुम्ही चुकलात तरी लवकर पोचाल. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून जाणाऱ्यांचं उलटं होतं, फोन एक तास मागे जातो. धक्क्यावर उभं राहून निघालेल्या बोटीला हात करणारे लोक दिसतात ना, त्यातले काही हेच. एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ बांधा.

आगबोट
बंदर चांगलं मिळालंय तुम्हाला. कोझुमेलला बोट थेट धक्क्याला लागते. काबो सान लुकाससारखं असतं तर भर समुद्रात छोट्या होडीत उतरावं लागलं असतं, ऐंशीच्या गुडघ्यांना ते अवघड. धक्के तीन आहेत. पुंता लांगोस्ता गावातच, बाकीचे दोन दक्षिणेला चारेक किलोमीटरवर. कुठला मिळणार ते आधी बघून ठेवा.

टॅक्सीचे दर ठरलेले असतात, फलक लावलेला असतो. तरी बसण्याआधी "सगळ्यांचे मिळून की माणशी" हे विचाराच. नऊ जणांना दोन टॅक्स्या किंवा एक मोठी व्हॅन. डॉलर घेतात, पण सुटे एक-पाचचे ठेवा.

आणि एक कटू गोष्ट. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिथे 'नोर्ते' म्हणतात. फार जोर असला तर कप्तान बंदर गाळून पुढे जातो. आमचं एकदा झालंय, कोझुमेल खिडकीतूनच पाहिलं. तेव्हा पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा आणि आईंना "बेटावर वाढदिवस" असं छातीठोक सांगू नका.

फोडणीचा_भात
शाकाहारावर मी बोलते, बारा वर्षं मेक्सिकोतल्या मॉन्तेरेईत काढली आहेत.

"वेखेतारियानो" म्हटलं की मान डोलावतात आणि भात आणतात. तो भात बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजलेला असतो. राजम्यासारखी उसळ, फ्रिहोलेस, तिच्यात डुकराची चरबी असू शकते, तिला मांतेका म्हणतात. (आणि मांतेकिया म्हणजे लोणी! एका अक्षराने घात होतो.) म्हणून नुसतं शाकाहारी म्हणू नका, एकेक विचारा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो, सिन मांतेका, सिन वेवो. सिन म्हणजे विना; मग ओळीने मांस, कोंबडी, कोंबडीचं पाणी, चरबी, आणि शेवटचं अंड्याचं.

त्यातल्या त्यात निर्धास्त काय खावं? मक्याच्या तोर्तियात चीज आणि भोपळ्याची फुलं घातलेली केसादिया, मशरूमची, निवडुंगाच्या पानांची (नोपालेस, जरा भेंडीसारखी बुळबुळीत, आईंना कदाचित आवडतील), ग्वाकामोले, भाजलेलं कणीस. मैद्याच्या तोर्तियात मांतेका असू शकते, मक्याचीच मागा. दिसायला गोड अशी केशरी किंवा हिरवी चटणी चाखण्याआधी तिच्यात हाबानेरो मिरची आहे का विचारा. लवंगी परवडली.

केकचं मात्र अवघड आहे. त्रेस लेचेस केक सुंदर असतो, पण अंडी भरपूर. फ्लानही तसाच. रंगीत जेली, खेलातिना, वाढदिवसाला हटकून असते आणि निरुपद्रवी दिसते, पण ती प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून. माझ्या आईने दोन वाट्या खाल्ल्यावर मला कळलं. अजून तिला सांगितलेलं नाही.

तुम्ही आरोस कोन लेचे मागा. दुधात आटवलेला भात, साखर, दालचिनी. म्हणजे आपली तांदळाची खीरच. क्वचित कोणी अंड्याचा बलक घालतं, तेवढं विचारून घ्या. वाढदिवसाला खीर, आणखी काय हवं?

मोडी_वाचक
सहस्रचंद्रदर्शन वाचलं आणि थांबलो. कोझुमेल हे माया लोकांच्या इश्चेल देवीचं क्षेत्र होतं. बाळंतपणाची, औषधांची, आणि बऱ्याच जणांच्या मते चंद्राची देवी. स्पॅनिश लोक 1518-19 साली येण्याआधी मुख्य भूमीवरून बायका होडक्यांतून समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला येत. सान हेर्वासिओ नावाचे अवशेष बेटाच्या मध्यात आहेत, टॅक्सीने जाता येतं. हजार चंद्र पुरे होत आलेल्या बाईने तिथे जाणं मला तरी योग्य वाटतं.

पण चिचेन इत्साच्या पिरॅमिडची अपेक्षा नको. बुटके चौथरे, कमानी, झाडीतून जाणारे पांढरे रस्ते. पायाखाली खडे, वर ऊन, डास. आईंनी पहिल्या सावलीपर्यंतच जावं, पुढे मुलांना पळू द्यावं.

आगबोट
मोडीराव, कल्पना छान, पण नऊ जण, एक चार वर्षांची, एक ऐंशीची, आणि आठ तास. अवशेष, समुद्र आणि जेवण यातलं दोनच होतं. समुद्रच हवा असेल तर चांकानाब बागेत सावली, खुर्च्या, इग्वाना (मोठे सरडे) आणि धक्क्यापासून जवळ. पूर्व किनाऱ्याला फक्त बघायला जा, तिथल्या ओढीत पोहू नये.

फोडणीचा_भात
औक्षणाचं राहिलंच! निरांजन, कुंकू बॅगेत न्या, त्याला कोण काय म्हणेल. तांदूळ आणि ज्योत तिथे विकत घ्या. कुठल्याही किराणा दुकानात 'वेलादोरा' मागा, काचेच्या उभ्या ग्लासातली मेणबत्ती. तुमचा दिवस 11 डिसेंबर, आणि 12 ला ग्वादालुपे मातेचा, म्हणजे तिथल्या मेरीमातेचा, सण. त्या दिवसांत वेलादोरांचा ढीग असतो, युकातान भागात तर पोरं हातात मशाल घेऊन गावोगाव धावत येतात. काच असल्याने वाऱ्याची भीती नाही. ताटात तांदूळ पसरून त्यात ग्लास रोवा, काच तापते.

समुद्रावरच्या क्लबात जाऊ नका, तिथे लाउडस्पीकर. गावात आतल्या बाजूला जा. किनाऱ्याला समांतर रस्त्यांचे आकडे पाच-पाचने वाढतात: 5, 10, 15, 20. दहाच्या पुढे गेलात की स्थानिक लोक जेवतात ती 'कोसिना एकोनोमिका' दिसू लागतात, म्हणजे खानावळी. बाकीच्या टेबलांवरचे लोक उठले की मालकिणीला विचारा. आईसाठी म्हटल्यावर नाही म्हणणार नाही.

एकच सावधगिरी. वाढदिवस आहे हे कळलं की 'लास मान्यानितास' हे वाढदिवसाचं गाणं म्हणतील, टाळ्या वाजवतील, सगळं छान. पण केक असेल तर "मोर्दिदा, मोर्दिदा" ओरडतात आणि वाढदिवसाच्या माणसाचं तोंड केकमध्ये दाबतात. ऐंशीच्या बाईला करणार नाहीत बहुतेक. पण नणंदेच्या नवऱ्याचा भरवसा काय?

कैरीपन्हं
(तीन आठवड्यांनी) आलो परत. वारा होता, पण बंदर मिळालं. पासपोर्टचं काही विघ्न आलं नाही, ईमेल छापून नेली होती.

आईला इश्चेलचं सांगितल्यावर चांकानाब बाद झालं. सान हेर्वासिओला व्हॅनने गेलो. पहिल्या झाडाखाली बसली, पुढ्यात हातभर लांबीचा इग्वाना. "देवी कुठेय?" म्हणाली. मूर्ती उरलेली नाही, नुसते चौथरे आहेत म्हटल्यावर तिने चौथऱ्यालाच हात जोडले. मुलं घामाघूम होऊन आली, आणि भाची पूर्ण वेळ त्या इग्वानाला "आजोबा" म्हणत होती.

मग गावात. दुकानात साधी पांढरी वेलादोरा संपली होती, ग्वादालुपे मातेचं चित्र असलेलीच उरली होती. मी घुटमळले. आई म्हणाली, "बाईच आहे ना? घे."

खानावळीत सहा टेबलं. मालकिणीला लेकाने फोनवरून स्पॅनिश वाचून दाखवलं, तिने खुर्ची पूर्वेकडे वळवून दिली (दिशा मी हातवारे करून सांगितली). हौस म्हणून मी निरांजनही लावलं होतं, पंख्याच्या पहिल्या फेऱ्यात विझलं. काचेतली ज्योत टिकली. ताट जड झालं होतं, तीनदा ओवाळताना मनगट भरून आलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे मजूर चमचे खाली ठेवून बघत होते, कुंकू लावल्यावर त्यांनीच गाणं सुरू केलं. खीर मिळाली. आईचं मत: वेलदोडा नाही, पण दूध नीट आटवलंय.

मोर्दिदा झाली नाही. केकच नव्हता.

उरलेली मेणबत्ती बोटीवर नेता येईना. मालकिणीच्या गल्ल्यामागे छोटा देव्हारा होता, तिथे तिने पेटतीच ठेवली.

टेक्सासकर
वा! खानावळीचं नाव सांगा, मार्चमध्ये जातोय.

कैरीपन्हं
पाटीच नव्हती हो. 15 आणि 20 च्या मधल्या गल्लीत, निळं दार, बाहेर आजच्या जेवणाचा फळा. आणि मार्चमध्ये जाताय तर घड्याळाचा धडा तुमचाच तुम्ही पुन्हा वाचा, टेक्सासचा उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो, मग फरक उरत नाही.