वलगणीच्या माशांची आठवणीतली रात्र
प्रश्न: पहिल्या मोठ्या पावसात घरच्यांसोबत वलगणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यातून शेताकडे चढणारे मासे, धरायला गेलेली कोणती रात्र आपल्या मनात राहिली आहे?

उत्तर १: रायगडात आजोळी मामा बत्ती धरत आणि आम्ही भावंडे, खाचराच्या बांधावरून पाणी जिथे धो धो कोसळे, तिथे टोपली लावून बसत असू. एकदा शिंगटी माशाचा काटा माझ्या बोटात खोल रुतला, तेव्हा मामांनी घरी येईपर्यंत ते बोट मुठीत घट्ट धरून ठेवले होते. ती ऊब मला अजून जाणवते.

उत्तर २: हे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात, म्हणून आमचे आजोबा एका कालवणापुरतेच धरू देत आणि पोट फुगलेली मासळी परत सोडायला लावत. मला ते फार योग्य वाटते.

उत्तर ३: आमची आठवण वलगणीची नाही, गरीने मासे धरण्याची आहे; मालवणजवळच्या देवबागची, कर्ली खाडीतली. कोळंबी लावलेली गरी बाबांनी माझ्या हाती दिली आणि तासाभराने तांबोशी मासळी लागली.