अंडाशयाचा कर्करोग आणि प्रजननवैद्यक: संशोधनासाठी दोन्ही विषय एकत्र धरता येतील का?

कळवा_पूल:
सर्वांना नमस्कार. मी ठाण्यात राहते आणि यंदा जीवतंत्रज्ञानात एम.एस्सी. पूर्ण करीत आहे. माझ्या मावशीच्या अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान तिसऱ्या टप्प्यात झाले. तोपर्यंत पोट फुगते, दोन घास खाल्ले की पोट भरते, या तिच्या तक्रारींवर पित्ताचीच औषधे चालू होती. याच रोगावर काम करायचे हे तेव्हापासून मनात पक्के आहे. परंतु स्त्रीबीजाची वाढ, संप्रेरके आणि वंध्यत्व हा अभ्यासही मला तितकाच ओढतो. आमचे सर म्हणतात की, दोन्ही डगरींवर हात ठेवू नका. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे काय मत आहे? आणि घर न सोडता पीएच.डी. करणे शक्य आहे का?

खारघर_टेकडी:
तुमच्या सरांची काळजी मी समजू शकतो, परंतु हे दोन विषय शरीरातच एकमेकांत गुंतलेले आहेत. अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक बळी घेणारा प्रकार, ज्याला आम्ही हाय-ग्रेड सीरस म्हणतो, तो बहुतेक वेळा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी, म्हणजे बाहेर पडलेले स्त्रीबीज जिथे आत घेतले जाते त्याच जागी, सुरू होतो. बीआरसीए जनुकात (ज्यातील दोषामुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) दोष असलेल्या स्त्रियांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या नलिका पातळ काप घेऊन तपासल्या गेल्या, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आणि गर्भारपणांमुळे या रोगाचा धोका घटतो, तर एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढल्याने, त्याच्या काही प्रकारांचा धोका वाढतो. ज्याला बीजोत्सर्ग नीट कळत नाही, त्याला या रोगाचे मूळ प्रश्नही नीट मांडता येत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या कामाला धीर लागतो. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून अधिक स्त्रियांवर रक्तातील सीए-125 हे प्रथिन आणि सोनोग्राफी यांच्या आधारे चाळणी तपासणीचा, म्हणजे लक्षणे नसतानाच रोग शोधण्याचा, प्रयोग झाला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार काही रुग्णांचे निदान लवकर झाले, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. तुमच्या मावशींसारख्या रुग्णांसाठी खात्रीची चाळणी आजही उपलब्ध नाही, आणि मला तरी याहून महत्त्वाचा प्रश्न या क्षेत्रात दिसत नाही.

प्रयोगशाळेतील एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एसकेओव्ही-3 आणि ए-2780 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी वर्षानुवर्षे जगभर वापरल्या गेल्या; 2013 मध्ये त्यांच्या जनुकांची रुग्णांच्या गाठींशी तुलना झाली, तेव्हा हाय-ग्रेड सीरसशी त्यांचे साम्य फारच थोडे निघाले. म्हणून या रोगात रुग्णाच्या पोटात साठणाऱ्या आणि बाहेर काढलेल्या पाण्यातील पेशींना मोल आहे. ते पाणी बर्फात ठेवून आणायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे आणि तळाशी बसलेले पेशींचे लहान पुंजके त्याच दिवशी वाढीला लावायचे. शस्त्रक्रिया सायंकाळी संपली, तर तुमचे काम सायंकाळीच सुरू होते.

वाशी_सेक्टर:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे रुग्णांच्या बाजूने लिहिते. तरुण मुलीला हा रोग झाला की घरच्यांचा दुसरा प्रश्न नेमका मूल होण्याचा असतो, आणि तो विचारताना त्यांना उगाचच अपराधी वाटते. रोग एकाच अंडाशयापुरता असेल, तर निवडक रुग्णांमध्ये गर्भाशय आणि दुसरे अंडाशय राखता येते. इतर कर्करोगांत केमोपूर्वी अंडाशयाची ऊती गोठवून नंतर परत बसवतात. येथे मात्र त्या ऊतीतच कर्करोगाच्या पेशी लपलेल्या असण्याचा धोका असल्याने ती परत बसवता येत नाही. त्या ऊतीतील अपक्व स्त्रीबीजे शरीराबाहेर पक्व करता आली, तर कितीतरी मुलींना आशा मिळेल. तुमचे दोन्ही विषय जिथे एकत्र येतात, ती हीच जागा आहे, आणि तिथे काम करणाऱ्या माणसांची आम्हाला फार गरज आहे.

ट्रान्सहार्बर_लोकल:
मी सध्या पीएच.डी. करीत आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ठाण्याहून पनवेल लोकलने थेट खारघर गाठता येते, आणि तिथल्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएच.डी. करता येते. परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. त्याच संस्थेचे डॉ. आनंदकुमार आणि केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या एकत्रित कामातून 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. प्रयोगशाळा आणि रुग्णालय जोडले गेले की काय घडते, हे त्यातून दिसते. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतील डॉ. शर्मिला बापट यांचा अंडाशयाच्या कर्करोगातील मूलपेशींवरील 2005 चा शोधनिबंधही अवश्य वाचा.

नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात; घरी राहिल्यास त्यात नीट भागते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पाहून थांबू नका. ऊती कोणत्या रुग्णालयातून येते, रुग्णाची संमती कोण आणि कोणत्या भाषेत घेते, नैतिकता समितीची मान्यता आधीच मिळालेली आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण ही व्यवस्था नसेल तर तुमची सुरुवातीची कितीतरी वर्षे कागदपत्रांतच जातील.