मृगातील तेजोमेघाचा गाभा पांढराफटक का पडतो?

प्रश्न: एम ४२ची (म्हणजे मृगातील याच तेजोमेघाची) प्रत्येकी १२० सेकंदांची ४० छायाचित्रे एकत्र केली, कडेचे पिसासारखे पदर सुरेख उमटले, पण मधला भाग पांढराफटक पडून ट्रॅपेझियम या गाभ्यातील तारकागटाचे चारही तारे त्यात बुडाले आहेत. संगणकावरील प्रक्रियेत ते परत मिळवता येतील का?

उत्तर १: नाही. पिक्सेल एकदा संपृक्त झाला (प्रकाशाने काठोकाठ भरला) की त्यातली माहिती गेलीच. पाच-दहा सेकंदांची वेगळी छायाचित्रे घ्या आणि मास्क (प्रतिमेचा ठरावीक भागच बदलू देणारा पडदा) वापरून तेवढाच गाभा मूळ प्रतिमेत मिसळा; मास्कची कड मात्र भरपूर धूसर ठेवा, नाहीतर ठिगळ लावल्यासारखे दिसते (माझे पहिले तीन प्रयत्न असेच फसले).

उत्तर २: सहमत आहे. लाल रंगही फिका वाटत असल्यास दोष प्रक्रियेचा नसावा, कारण साध्या कॅमेऱ्यातील फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश बराचसा अडवतो.